पाचव्या खुर्चीवरची हरकत

मला इंग्रजी येतं ते दोनच जागांचं. कॉलर, कफ, लायनिंग, बकरम हे दुकानातलं, आणि दुसरं कोर्टातलं. दुकानातलं लहानपणी आपोआप कानावर पडून आलं. कोर्टातलं सव्विसाव्या वर्षी शिकावं लागलं, कारण माझ्या हातून एक माणूस मेला.

आता वय झालं, लपवून काय करायचंय? आम्ही शिंपी. बेंगळुरात कधी आलो ते आमच्या आजोबांनाही माहीत नव्हतं. पुण्याकडचा कुणी पाहुणा आला की आमची मराठी ऐकून गालात हसतो, कारण आम्ही 'स्वल्प थांब' म्हणतो आणि थोरल्या भावाला अण्णा, बहिणीला अक्का म्हणतो. हसू दे. चिकपेटेच्या एका गल्लीत आमचं दुकान होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, काजं करायचे आणि कोटाचं हातकाम करायचे, मी कापायचो आणि मशीनवर बसायचो. वकिलांचे काळे गाऊन ही आमची खासियत. अर्ध्या कोर्टाच्या खांद्यांची मापं माझ्या वहीत होती. त्या गाऊनमध्ये शिरून ही माणसं काय बोलतात याच्याशी मात्र मला कधी काडीचंही देणंघेणं नव्हतं.

शेजारी भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मालक माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, बेळ्ळंदूरच्या तळ्याकडच्या खेड्यातून आलेला. माणूस वाईट नव्हता. सकाळी दुकान उघडताना काहीतरी गुणगुणायचा, आणि सायकली मात्र आमच्या कट्ट्याला टेकवायचा. त्यावरून आठवड्यातून एकदा तरी आमची जुंपायची. मी ओरडायचो, तो 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणत दोन सायकली हलवायचा, संध्याकाळी पुन्हा तिथेच. माझं डोकं लहानपणापासून तापट. आई म्हणायची, याला मशीनवर बसवलंय तेच बरं, पाय तरी हलत राहतात.

त्या दिवशी लग्नाच्या एका पांढऱ्या ड्रिलच्या सुटाला इस्त्री करून मी तो दाराला टांगला होता. दुपारी गिऱ्हाईक यायचं होतं. पाहतो तर पँटच्या मांडीवर सायकलच्या साखळीच्या तेलाचा हातभर काळा पट्टा. त्याने सायकल आत घेताना घासली होती. मी बाहेर आलो तेव्हा तो आमच्याच कट्ट्यावर उभा होता, हातात दुसरी सायकल. मी काय काय बोललो ते आठवत नाही. तो म्हणाला, "अहो, रॉकेलने पुसून देतो की!" आणि हसला. तो त्याच्या स्वभावाने हसला असेल. मला ते हसू दिसलं आणि मी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्याला ढकललं.

कट्ट्याला तीन पायऱ्या होत्या, काळ्या दगडाच्या. तो पाठीवर पडला आणि डोकं कडेवर आपटलं. पण तो उठला. धोतर झटकलं, मला चार शिव्या दिल्या, आमच्याच दुकानातलं पाणी प्यायला. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी इस्पितळात तो गेला.

पोलीस येण्याआधी मी अप्पांना खरं सांगितलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये बसून. "अप्पा, मी ढकललं. दोन्ही हातांनी." अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझे हात धरले. जगात ते एकट्या अप्पांनाच माहीत होतं, दुसऱ्या कुणाला नाही. आईलाही नाही.

पंधरा दिवस आत राहून जामिनावर सुटलो. वकील आमचेच जुने गिऱ्हाईक, म्हातारे गृहस्थ, त्यांच्या अंगातला गाऊनही मीच शिवलेला. त्यांनी मला काही विचारलंच नाही, उलट मलाच सांगितलं. "तो तोल जाऊन पडत होता, तुम्ही सावरायला हात पुढे केला, त्याचा पाय पेडलमध्ये अडकला. असंच ना?" मी हो म्हटलं. लाज वाटली, पण हो म्हटलं. समोरच्या शहाळीवाल्याने पाहिलं होतं, पण पाठमोरं, आणि तेवढा एकच साक्षीदार होता. "संशयाचा फायदा मिळेल, सुटाल," वकील म्हणाले. त्या एका शब्दावर मी चार महिने जगलो. रात्री झोप नाही, दिवसा कात्री हातात धरवत नाही. शेजारचं दुकान बंद असायचं. त्याची बायको कधीतरी कुलूप काढून आत बसायची, आणि ती आली की मी मागच्या खोलीत जायचो.

खटला सेशन्स कोर्टात, जूरीपुढे. ती पद्धत पुढे बंदच झाली, पण तेव्हा होती. गुरुवारी वकिलांनी बोलावलं. म्हणाले, "सोमवारी जूरी एम्पॅनल होईल."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"कोर्टात सगळं इंग्रजीत चालेल. तुम्ही भांबावलेले दिसता कामा नये. भांबावलेला माणूस गुन्हेगार दिसतो. म्हणा, एम्पॅनल."

मी म्हटलं. दोनदा म्हणायला लावलं. मग त्यांनी समजावलं. चोवीस लोकांना बोलावणं गेलंय. त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका पेटीत टाकायच्या. एकेक चिठ्ठी काढायची, नाव पुकारायचं. त्या माणसाने पुढे यायचं. मग आरोपीला विचारायचं, म्हणजे मला, की हा माणूस तुझा न्याय करायला चालेल का. नको असेल तर तिथेच सांगायचं, कारणासकट. कारण पटलं तर जज त्याला परत पाठवणार, नाही पटलं तर तो बसणार. असे पाच जण खुर्च्यांवर बसले आणि शपथ झाली, की जूरी एम्पॅनल झाली. "माणसं नुसती गोळा करणं म्हणजे एम्पॅनल नव्हे," वकील म्हणाले. "दोन्ही बाजूंनी बघून, तावून सुलाखून बसवणं." मला ते ताबडतोब कळलं. कोट उभा करताना आम्हीही प्रत्येक तुकडा आधी अंगाला लावून बघतो, मगच शिवतो.

आणि मग ते पुढे वाकून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. सोमवारपर्यंत त्या चोवीस जणांपैकी कुणाच्याही वाऱ्याला उभं राहायचं नाही. तुम्ही नाही, घरच्यांनी नाही. गेलात तर तो वेगळा गुन्हा. जो जाईल तो आत जाईल." त्यांच्या गुमास्त्याने ती चोवीस नावं मला कन्नडमध्ये उतरवून दिली. कुणाशी जुनं वैर असेल तर आठवून ठेवा म्हणाला.

घरी आलो. अप्पा काजं करत बसले होते. मी कागद मशीनवर टाकला. चार महिन्यांत मला कुणाशी धड बोलता येत नव्हतं, आणि त्या दिवशी तर चोवीस अनोळखी नावं डोक्यात घोंघावत होती. अप्पांनी कागद उचलला. कन्नड त्यांना चांगलं वाचता यायचं.

"काय रे, काय म्हणाले वकील?"

"जूरी एम्पॅनल होणार सोमवारी."

"म्हणजे काय होणार?"

मी काय उत्तर दिलं ते मला आजही अक्षर न अक्षर आठवतं. "तुम्हाला नाही कळायचं अप्पा! तुम्ही तुमची काजं करा ना गप!"

त्यांची सुई थांबली नाही, पण मान खाली गेली. मला तेव्हाच वाईट वाटलं. उद्या सांगू नीट, असं मनात म्हटलं. उद्या सांगितलं नाही. परवाही नाही. वकिलांनी दिलेली ताकीद माझ्याच पोटात राहिली.

आता आमच्या समाजाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटायचं नाही. आमच्यात तंटा झाला की समाजाचे पंच बसायचे. अप्पांच्या लहानपणी फार, माझ्या लहानपणी कधीमधी. ज्याचा तंटा असेल त्याने पंचांच्या घरी विडा घेऊन जायचं, तबकात पानं, सुपारी आणि नारळ. विडा न देता पंचांना बसवणं म्हणजे त्यांचा अपमान. 'आमच्या बाजूने बोला' असं म्हणणं हा त्याहून मोठा अपमान. फक्त म्हणायचं, 'न्याय करायला या.' पंच एकच प्रश्न विचारायचे, 'खरं काय?' आणि विड्यावर हात ठेवून जे खरं असेल ते सांगायचं, स्वतःच्या विरुद्ध असलं तरी. ज्याने विडा घेतला त्याने पुढे त्या घरी येऊन आपण काय निकाल दिला ते तोंडावर सांगायचं. विड्यावर कुणी खोटं बोललं असं मी कधी ऐकलं नाही.

रविवारी दिवेलागणीला अप्पा बाहेरून आले. डोक्याला रुमाल बांधलेला, अंगात लग्नाकार्याचा काळा कोट, पायात नवे जोडे. कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडावर समाधान दिसत होतं.

"कुठे गेला होतात?"

"विडा ठेवून आलो," म्हणाले. "त्या कागदावर आपल्या समाजाच्या पंचांचं नाव होतं की. जरीवाल्यांचं. मग तुझं ते इंग्रजी मला कळलं. पंचच बसवणार ना? बाकीचे परके, त्यांची रीत मला माहीत नाही. पण आपल्या माणसाला विडा न देता कसं बोलवायचं?"

मी भिंतीला टेकून खाली बसलो. "काय बोललात तुम्ही त्यांच्याशी?"

"जे बोलायचं तेच. न्याय करायला या म्हटलं."

"आणि?"

"त्यांनी विचारलं, खरं काय?"

"आणि?"

अप्पांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "विड्यावर काय खोटं बोलू? सांगितलं, पोराने दोन्ही हातांनी ढकललं. मारायचं मनात नव्हतं, राग आला. म्हटलं, आता तुम्ही ठरवा."

देवा रे! मी तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर गल्ली गोळा झाली असती. आई चुलीपुढून 'काय झालं रे' म्हणत आली. काही नाही म्हटलं. काय सांगणार होतो? चार महिने एका वाक्याच्या आधारावर उभे होतो, आणि अप्पांनी खरं काय ते स्वच्छ कोट घालून, नवे जोडे घालून यादीतल्या माणसाला जाऊन सांगितलं होतं. आणि मी त्यांना काय म्हणणार? 'जाऊ नका' हे सांगायचं काम कुणाचं होतं?

वकिलांकडे धावत जावं असं मनात आलं. दारापर्यंत गेलो. मग कळलं की वकिलांना सांगितलं तर त्यांना ते जजना सांगावं लागेल. जो जाईल तो आत जाईल, हे त्यांचेच शब्द. अप्पा सदुसष्ट वर्षांचे होते. पोलीस चौकीतली फरशी, पाण्याचा तांब्या, रात्रभर जळणारी बत्ती, हे सगळं मी पाहून आलो होतो. मी दारातून परत फिरलो. अप्पांना म्हटलं, "बरं केलंत. जेवून घ्या." आणि देवापुढे बसून एकच मागितलं, की चोवीसांतल्या पाच चिठ्ठ्यांत ती एक येऊ नये. बाकी कुणीही येऊ दे.

सोमवारी कोर्टात मला लाकडी कठड्यात उभं केलं. अप्पा मागच्या बाकावर, तोच काळा कोट, तोच रुमाल. चोवीस माणसं एका बाजूला बसली होती आणि त्यात जरीवाले पंच. उंच, सडपातळ, कपाळाला गंध, डोक्याला लाल पगडी. माझी त्यांची नजरानजर झाली. त्यांनी मान हलवली नाही की नजर काढली नाही.

कोर्टाच्या कारकुनाने पेटी हलवली. पहिली चिठ्ठी एका रेल्वेतून रिटायर झालेल्या गृहस्थांची. "हरकत आहे?" मी नाही म्हटलं. दुसरी पुस्तकांच्या दुकानदाराची. नाही. तिसऱ्या चिठ्ठीवर सरकारी वकिलाने हरकत घेतली, तो माणूस आमच्या वकिलांच्या नात्यातला निघाला. तो निमूट परत गेला. किती सोपं! मी पाहत राहिलो. नातं सांगितलं आणि माणूस उठून गेला. मग कँटोन्मेंटमधले एक अँग्लो-इंडियन साहेब बसले. मग एक कॉलेजातले मास्तर. चार झाले. एकच राहिला. उरलेल्यांतला कुणीही चालेल, कुणीही, असं मनात घोकत होतो.

कारकुनाने पुढची चिठ्ठी उघडली आणि जरीवाल्यांचं नाव वाचलं.

ते उठून पुढे आले. आमचे वकील मागे वळून माझ्याकडे पाहून खूश झाले. आपल्या समाजाचा माणूस, आता काय भीती, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सरकारी वकील कागदात डोकं घालून बसले होते. कारकुनाने मला विचारलं, "हरकत?"

त्याआधी चारही वेळा मी चटकन नाही म्हटलं होतं. या वेळी तोंडच उघडेना. हरकत होती! माझ्या जिवाएवढी हरकत होती. एक शब्द बोललो की ते परत जाणार आणि पेटीतून दुसरं कुणीतरी येणार, ज्याला काही माहीत नाही. पण कारण काय सांगू? कारणाशिवाय चालत नाही हे मला नीट शिकवलं होतं. कारण एकच होतं आणि ते मागच्या बाकावर काळा कोट घालून बसलं होतं. मी वळून पाहिलं. अप्पांनी पंचांना पाहून हात जोडले होते. त्यांच्या लेखी सगळं रीतसर चाललं होतं.

जजसाहेबांनी मान वर केली. मला वाटलं, हे पंच स्वतःच बोलतील. बोलले असते तर अप्पा आत गेले असते. पण ते न बोलता उभे राहिले. विड्याची गोष्ट विडा देणारा आणि घेणारा यांच्यातली, ती तिसऱ्याला सांगायची नसते. ते आमच्याच रीतीचे होते ना!

"नाही," मी म्हटलं. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "हरकत नाही."

पंच पाचव्या खुर्चीवर बसले. पाच जणांनी शपथ घेतली. कोर्टासमोर येईल त्या पुराव्यावरूनच न्याय करू, अशी ती शपथ होती. जजसाहेब कारकुनाला इंग्रजीत काही म्हणाले आणि त्यात तो शब्द आला. सबंध वाक्यातला तेवढाच एक मला कळला, आणि फार चांगला कळला.

तीन दिवस खटला चालला. शहाळीवाला उलटतपासणीत डळमळला, पाठमोरं दिसलं म्हणाला, हात पुढे गेलेला दिसला पण कशाला गेला ते सांगता येत नाही म्हणाला. मग मेलेल्या सायकलवाल्याची बायको आली. नवरा मरताना म्हणाला होता की शिंप्याने ढकललं, एवढंच तिला सांगायचं होतं. आमच्या वकिलांनी तिला विचारलं, त्यांना तेव्हा शुद्ध होती का, उलट्या होत होत्या ना, माणसं ओळखत होते का. ती रडायला लागली. म्हणाली, मला ओळखलं नाही. वकील खाली बसले. मला समोर काही दिसेना. ती बाई खरं बोलत होती आणि माझ्या पैशाने उभा केलेला, माझ्या हातचा गाऊन घातलेला माणूस तिला खोटं पाडत होता. मी कठड्यात उभा राहून सुटकेसाठी देवाचं नाव घेत होतो. एवढा मी हलकट झालो होतो.

जजसाहेबांनी जूरीला समजावताना संशयाचा फायदा हे शब्द तीनदा उच्चारले. पाच जण आतल्या खोलीत गेले. तास झाला, वर आणखी अर्धा झाला. परत आले तेव्हा कॉलेजातले मास्तर पुढे होते, तेच फोरमन. ते म्हणाले, दोषी. जजसाहेबांनी विचारलं, सगळ्यांचं एकमत? नाही, म्हणाले, तीन आणि दोन.

तीन वर्षं सक्तमजुरी झाली. वकील माझ्याकडे न बघता कागद गोळा करत होते. म्हणाले, "कुणीतरी एक फिरला. समजत नाही." मला समजत होतं. आईचा हुंदका ऐकू आला.

पंधरा दिवसांनी अप्पा सेंट्रल जेलमध्ये भेटायला आले. मध्ये जाळी. त्यांनी आईने केलेल्या चकल्या आणल्या होत्या, त्या शिपायाने तपासायला बाजूला ठेवल्या. मी दोन आठवडे दगड फोडणाऱ्यांच्या तुकडीत होतो. शिंपी म्हणून मशीनवर घेणार होते, अजून घेतलं नव्हतं. हातांना फोड आले होते, ते मी मागे लपवले.

अप्पा म्हणाले, "जरीवाले येऊन गेले घरी. निकालाच्याच दिवशी, संध्याकाळी. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, मी दोषी म्हटलं. कोर्टातल्या पुराव्यावर तो सुटत होता, पण मी विड्यावर खरं ऐकलं होतं, ते मला गिळता आलं नाही. तीन वर्षांनी तो मान वर करून येईल." "मोठा माणूस. सांगायला आला बघ. मर्यादा सोडली नाही."

त्यांना मला धीर द्यायचा होता. बिचारे एवढ्या लांबून चालत आले होते. आपल्या पोराचा न्याय परक्या भाषेत, परक्या माणसांत झाला, पण एक तरी आपला पंच होता आणि तो रीतीने वागला, एवढाच त्यांना आधार होता. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त 'तीन आणि दोन' ऐकू येत होतं.

आणि माझं डोकं फिरलं. मी जाळीला दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडलो. "तो जरीवाला तिकडे गेला नसता तर तीन-दोनाने मी सुटलो असतो! कळतंय का तुम्हाला? तुम्ही सांगितलंत म्हणून मी आत आहे! त्या जरीवाल्याने नाही, तुम्ही घातलंत मला आत! कुणी सांगितलं होतं विडा घेऊन जायला? आणि मी? मी तुमच्यासाठी हरकत घेतली नाही! त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर तुम्ही इथे असतात, मी घरी!"

शिपाई पुढे आला. बाकीचे कैदी आणि त्यांची माणसं बोलायची थांबली. अप्पा माझ्याकडे पाहत राहिले. ते रागावले असते, रडले असते, काही म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या तोंडावरून एकेक गोष्ट उतरत गेली आणि मी समोर उभा राहून ते पाहत होतो. हरकत म्हणजे काय, ती कुणी घ्यायची, मी ती का घेतली नाही, हे सगळं त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. गुरुवारी दुकानात दोन मिनिटं बसून सांगितलं असतं तरी कळलं असतं.

"मी सांगितलं म्हणून?" ते हळूच म्हणाले.

हो म्हणण्याइतका राग उरला नव्हता आणि नाही म्हणण्याइतका चांगला मी नव्हतो.

त्यांनी शिपायाला विचारलं, वेळ झाली का. अजून दहा मिनिटं आहेत, तो म्हणाला. अप्पा म्हणाले, "झाली वेळ," आणि गेले.

त्यानंतर आई यायची, दर महिन्याला. अप्पांना बरं नाही म्हणायची. अप्पांनी समाजात जाणं सोडलं होतं. कुणाच्या लग्नाला नाही, कुणाच्या मयताला नाही. जरीवाले रस्त्यात भेटले तर बाजूच्या गल्लीत शिरायचे. मी आईजवळ निरोप द्यायचो, रागात बोललो, मनावर घेऊ नका. आई म्हणायची, सांगितलं रे. मी पत्र लिहिलं, कन्नडमध्ये, त्यांना वाचता यावं म्हणून. उत्तर आलं नाही.

शिक्षेतली सूट धरून सव्वादोन वर्षांनी सुटलो. सकाळची वेळ होती. आई जेलच्या दारापर्यंत आली होती, तिला टांग्यात बसवून घरी पाठवलं आणि मी सरळ दुकानात गेलो. शेजारी सायकलींच्या जागी भांड्यांचं दुकान झालं होतं. आमच्या दुकानात अप्पा त्यांच्या नेहमीच्या जागी, खाली मान घालून काज करत होते. वाळले होते. मी वाटेत सगळं ठरवून आलो होतो, पाय धरायचे, माफी मागायची, कोणत्या शब्दांनी मागायची तेही.

मी पायरी चढलो. अप्पांनी वर पाहिलं, सुई कापडात टोचून ठेवली आणि उठून उभे राहिले. माझे वडील, माझ्यासाठी उठून उभे राहिले आणि आपलं स्टूल त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. मी वाकलो तर दोन पावलं मागे झाले. "असू दे, असू दे," म्हणाले, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

ते पुढे नऊ वर्षं जगले. मी दुकानात पाऊल ठेवलं की हातातलं काम टाकून उठायचे, आणि मी बसेपर्यंत उभे राहायचे.